नेत्रावळी अभयारण्य आणि सावरी धबधबा: गेटवर अडवतात म्हणून एक स्टार देऊ नका

पाचपैकी पाच देतोय आणि त्यातले निदान दोन गेटवरच्या गार्ड लोकांचे आहेत. हे मुद्दाम पहिलं लिहितोय कारण कित्येक जण "बॅग तपासली", "गाईड घ्या म्हणाले", "पावसात सोडलंच नाही" एवढ्यावरून एक स्टार देऊन मोकळे होतात, आणि ते वाचून खरंच वाईट वाटतं.

आधी कामाचं सांगतो. मडगावहून केपे, सांगे करत यायचं, वाटेत साळावली धरण लागतं, तिथला तो गोल सांडवा भरून वाहत असेल तर थांबून बघाच, दक्षिण गोव्यातल्या नळांचं पाणी इथून येतं. बस आहेत पण मोजक्याच, त्यामुळे आपली गाडी असली तर बरं. सांगे सोडलं की रेंजचा भरवसा नाही, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा आणि खिशात रोख पैसे ठेवा. नेत्रावळी गावात गोपीनाथाच्या देवळाकडे बुडबुड्यांची तळी आहे, तळाकडून सारखे बुडबुडे वर येत असतात, पायऱ्यांवर शांत बसलात तर मासे जवळ येतात. तिथे साबण लावून आंघोळ करणारे लोक मी बघितलेत, प्लीज तसलं काही करू नका, ते देवळाचं पाणी आहे.

सावरीला वेर्ल्याच्या रस्त्याने थोडं वर जाऊन मग रानातून चालायचं. वाट फार कठीण नाही, पण मध्ये ओहोळ ओलांडावा लागतो आणि दगडांवर शेवाळ असतं, चपला घालून येणारे हमखास घसरतात. सगळ्यात चांगला वेळ म्हणजे पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, पाणी भरपूर असतं आणि नितळ असतं. इथल्याच मैनापी धबधब्याची वाट जास्त लांब आणि चढाची, तिथे माहीतगार माणूस सोबत नसेल तर जाऊच नका.

आता गार्ड पावसात का सोडत नाहीत ते. खाली लख्ख ऊन पडलेलं असतं आणि वर घाटमाथ्यावर तासभर कोसळून गेलेला असतो, ते पाणी ओहोळातून खाली यायला वेळ लागतो, आणि आलं की गुडघाभर होतं ते बघता बघता छातीभर होतं, मग पलीकडे गेलेला माणूस पलीकडेच अडकतो. 2023 च्या जुलैत मैनापीला दोघं जण बुडून गेले. त्यानंतर वनखात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी घातली, आणि पुढे काही धबधबे परवानगी घेऊन उघडले. तेव्हा "आम्ही एवढे लांबून आलो" म्हणून गार्डशी हुज्जत घालण्यात काय अर्थ आहे? बुडालेल्याला शोधायला रात्री त्याच पाण्यात उतरावं लागतं ते ह्याच लोकांना.

उन्हाळ्यातही तेच. मार्चमध्ये पाला इतका सुका असतो की एक सिगरेट पुरे. 2023 च्या मार्चमध्ये उत्तर गोव्यातल्या म्हादई अभयारण्याच्या रानात ठिकठिकाणी आग लागली, नौदलाची हेलिकॉप्टरं आणून पाणी टाकावं लागलं, पण चढावर झाडांखाली धुमसणारी आग शेवटी माणसांनीच ओल्या फांद्या मारून विझवायची असते. काडेपेटी काढून ठेवली म्हणून रागावणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यासमोर आणावं.

हे रान आपल्याला फुकटात मिळालेलं नाही हो. 1999 साली राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं जाहीर केली, नेत्रावळी म्हणजे साधारण 211 चौरस किलोमीटर. त्याआधी इथे खाणी चालायच्या. आज नकाशा उघडून बघा, उत्तरेला मोले, दक्षिणेला खोतीगाव, पलीकडे कर्नाटकातलं काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान, मधला हा तुकडा गेला तर जनावरांची वाटच तुटते. इथे कॅमेऱ्यात काळा बिबटा मिळालाय. तुम्हाला तो दिसणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका, पण सकाळी लवकर गेलात आणि गप्प राहिलात तर शेकरू दिसतो, धनेश उडताना पंखांचा आवाज ऐकू येतो, तेवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन.

गप्प राहिलात तर म्हणतोय कारण मागच्या खेपेला एका टूरवाल्याचा मोठा ग्रुप होता, ब्लूटूथ स्पीकर, वेफर्सची पाकिटं, धबधब्याच्या कुंडाजवळ फुटलेली बाटली. नाव घेत नाही. आमच्यासोबत आलेला गावचा पोरगा काही न बोलता काचा वेचत होता आणि मला इतकी लाज वाटली की मीही खाली बसलो. म्हणून एक सूचना, आत जाताना प्लास्टिक मोजावं, डिपॉझिट घ्यावं आणि बाहेर पडताना तेवढंच दाखवलं तरच परत द्यावं. नुसत्या "कचरा करू नका" बोर्डाने काहीही होत नाही, बोर्डाखालीच कचरा असतो.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. अभयारण्याच्या आत गावं आहेत, वेर्ले, तुडव, साळगिणी, लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतायत, त्यांचे जमिनीचे हक्क लवकर मिटले पाहिजेत. जानेवारी 2020 मध्ये तिकडे म्हादईच्या रानात, सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीला वाघीण आणि तिची पिल्लं असे चार वाघ विष घालून मारले गेले, त्याआधी गुरं मारली गेली होती. गुरांची भरपाई वेळेवर हातात पडली असती तर कदाचित ते झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. 2023 च्या जुलैत हायकोर्टाने ह्या रानांचा व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. मला व्हायला हवाय तो प्रकल्प. पण तिकिटाच्या पैशातला काही भाग सरळ गावात गेला, गाईड, पार्किंग, चहा-जेवण सगळं गावच्याच पोरांकडे राहिलं, तर रान राखायला गार्डपेक्षा जास्त डोळे मिळतील.

जळवा भरपूर, डिसेंबरपर्यंत सुद्धा, मीठ किंवा तंबाखूचं पाणी जवळ ठेवा, ओढून काढू नका. गाईडचे पैसे आधी ठरवा आणि त्यात घासाघीस करू नका. जाताना गावात जेवणाचं सांगून ठेवलं तर परत येईपर्यंत शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) तयार असतं, डबे बांधून आणायची गरज नाही.