मराठी बायबल घ्यायचंय, पण कोणतं?

ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात जाऊन ‘एक मराठी बायबल द्या’ एवढंच सांगितलं, तर बहुधा काळ्या कव्हरची, ‘पवित्र शास्त्र’ असं लिहिलेली प्रत पुढे येते. प्रत चांगलीच आहे. पण ती दहावीतल्या मुलासाठी आहे, सत्तरीच्या आजीसाठी आहे, हिंदी मंडळीतून (म्हणजे चर्चमधून) लग्न होऊन मराठी मंडळीत आलेल्या सुनेसाठी आहे की कॅथलिक घरातल्या वाचकासाठी, यावर उत्तर बदलतं. देवाचं वचन एकच असलं तरी ते ज्या मराठीत हातात येतं ती मराठी एकच नाही.

आधी अनुक्रमणिका उघडा, भाषेचा विचार त्यानंतर. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. कॅथलिक बायबलमध्ये ७३ असतात. तोबित, जुदिथ, बारूख, मक्काबींची दोन अशी एकूण ७ पुस्तकं जुन्या करारात जास्त, शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत काही भाग अधिकचा. नागपुरातल्या मोहननगरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलसारख्या ठिकाणी मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, वाचन करायचं असेल आणि घरी ६६ ची प्रत असेल, तर लग्नाच्या मिस्सातलं तोबितचं वाचन आलं की पान सापडणारच नाही. म्हणून कॅथलिक घरासाठी घेताना पुस्तकं मोजा, सुरुवातीच्या पानांवर बिशपांची अनुमती छापली आहे का ते पाहा, आणि शंका वाटली तर पॅरिशमध्ये फादरना प्रत दाखवा.

प्रॉटेस्टंट घरासाठी घेत असाल तर पुढचा प्रश्न असा: तुमच्या मंडळीत पुलपिटावरून कोणतं बायबल वाचतात? चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. त्यामुळे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन घरांच्या गाण्यांच्या नि प्रार्थनेच्या सवयी आजही वेगळ्या सापडतात. तरी मराठी उपासनेतला शास्त्रपाठ बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या ‘पवित्र शास्त्रा’तूनच होतो. मोबाइलवर हीच आवृत्ती ‘आर. व्ही. री-एडिटेड’ या नावाने दिसते.

तिच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणजे ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे वाक्य दुःखाच्या घरी कोणी सुरू केलं की बाकीचे पुस्तक न उघडता पुढचं म्हणतात. ईझी-टू-रीड, म्हणजे सोप्या मराठीच्या आवृत्तीत त्याच जागी ‘मला ज्याची गरज आहे ते नेहमी माझ्याजवळ असेल’ असं येतं. अर्थ लख्ख आहे, लहान मुलाला लगेच कळतो, पण चारजणांनी मिळून म्हणायला त्यात लय नाही. योहान ३:१६ मध्ये एकीकडे ‘सार्वकालिक जीवन’ आहे, दुसरीकडे ‘अनंतकाळचे जीवन’. संडे स्कूलच्या वचनस्पर्धेला मुलाने दुसरं पाठ केलं आणि बाईंनी पहिलं धरलं, तर मुलाचे गुण जातात नि त्याला आपलं काय चुकलं तेही कळत नाही. पाठांतरासाठी मंडळीचीच आवृत्ती घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत.

समजण्याच्या बाबतीत मात्र पारडं फिरतं. त्याच २३ व्या स्तोत्रात ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ असं आहे. आकडी म्हणजे टोकाला वाकवलेली धनगरी काठी. तिने मेंढपाळ भरकटलेल्या मेंढराला अडकवून मागे ओढतो, आणि दुसऱ्या सरळ काठीने जनावर हाकलतो. एक काठी कळपाला वळवायची, दुसरी कळप राखायची; धीर त्या दोन्हींतून मिळतो. पण शहरातल्या मुलाला ‘आकडी’ म्हटलं की फिट येणंच आठवतं. ओळ तो न अडखळता म्हणतो आणि डोक्यात भलतंच चित्र उभं राहतं.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द याहून नाजूक. रोजच्या मराठीत प्रायश्चित्त आपण घेतो: चूक आपली, उपास आपला, दंड आपला. रोमकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात पौल नेमकं उलट सांगतो. तिथे पापावरचा उपाय माणूस करत नाही, देव स्वतः ख्रिस्ताला पुढे ठेवतो. शब्द ओळखीचा वाटल्यामुळेच वाचणारा थांबत नाही आणि सुवार्तेचा गाभा उलटा होऊन बसतो. ‘आत्म्याने दीन’ याचंही तसंच. ते खचलेल्या, हताश माणसाचं वर्णन नाही. देवापुढे आपली ओंजळ रिकामी आहे हे ज्याला कळलं, त्याच्याबद्दल ते आहे. अशा जागी शेजारी सोप्या भाषेतली प्रत उघडी असली की घोटाळा लवकर लक्षात येतो. म्हणूनच ज्यांना परवडतं त्यांनी दोन प्रती ठेवाव्यात: मंडळीची एक, घरी समजून घ्यायला सोपी एक. दुसरी छापील नसली तरी चालेल.

सोप्या भाषेच्या आवृत्त्या एकीपेक्षा जास्त आहेत. बायबल सोसायटीचीच ‘कॉमन लँग्वेज’ आवृत्ती आहे. तिची प्रत घेताना संपूर्ण बायबल आहे की फक्त नवा करार, हे मुखपृष्ठावर विसंबून न राहता आत पाहा. बिब्लिका या संस्थेची ‘मराठी समकालीन आवृत्ती’ वाचायला सरळ आहे. ‘इंडियन रिवाइज्ड व्हर्जन’ची मराठी जुन्या वळणाला जवळची, आणि तिचा मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे श्रेय देऊन मोफत छापता येतो. घरगुती प्रार्थनासभेची पत्रकं किंवा उपासकाळाची पुस्तिका काढणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. इतर आवृत्त्यांचे लांब उतारे छापायचे असतील तर आधी प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागते.

समकालीन आवृत्ती उघडल्यावर बहुतेकांना पहिली ठेच लागते ती सर्वनामांची. पवित्र शास्त्रात ‘येशूने म्हटले’, ‘तो डोंगरावर गेला’ असं असतं. इथे ‘येशूंनी’, ‘ते’ असा आदरार्थी प्रयोग आहे. काही घरांत यावरून चांगलीच चर्चा होते. देवाला अरे-तुरे करावं का? ग्रीक आणि हिब्रूत आदरार्थी बहुवचनाची ही रीतच नाही, तेव्हा मूळ भाषा या वादात निर्णय देत नाही. निर्णय मराठीचा आहे, आणि मराठीत दोन्ही खरं आहे. आजोबांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो, आईला ‘तू’, आणि आईविषयीचा आदर त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. मराठी संतांनी विठ्ठलाला ‘तू’च म्हटलं. आमचा कल ‘तू’कडे आहे, कारण प्रभूने शिकवलेली प्रार्थना ‘पित्या’ अशा हाकेने सुरू होते. पण येशूला एकेरी वाचताना ज्याला खरोखर अवघडल्यासारखं होतं, विशेषतः जो नव्यानेच वाचू लागला आहे, त्याने समकालीन आवृत्ती घ्यावी. उपासनेत मोठ्याने वाचताना मात्र जे छापलंय तेच वाचा. वाचता वाचता ‘तो’चं ‘ते’ करत गेलात तर दोन ओळींत क्रियापद घसरतं आणि ऐकणाऱ्याचं लक्ष वचनावरून उडतं.

हिंदी बायबल वापरून आलेल्यांची अडचण आणखी वेगळी, आणि नागपुरात ती घरोघरी आहे. शब्दांशी त्यांचं जमतं, अडतं ते पुस्तकांच्या नावांशी. हिंदीतलं व्यवस्थाविवरण मराठीत ‘अनुवाद’ आहे. न्यायियों म्हणजे शास्ते, भजन संहिता म्हणजे स्तोत्रसंहिता, नीतिवचन म्हणजे नीतिसूत्रे, सभोपदेशक म्हणजे उपदेशक, श्रेष्ठगीत म्हणजे गीतरत्न, प्रेरितों के काम म्हणजे प्रेषितांची कृत्ये. पाळकसाहेबांनी ‘अनुवाद ६ वा अध्याय’ म्हटलं की नवी सून प्रस्तावनेत शोधत बसते. पुस्तकांचा क्रम दोन्हीकडे एकच असतो, म्हणून नाव नव्हे, जागा पाठ करा: अनुवाद हे ५ वं पुस्तक, शास्ते ७ वं, स्तोत्रसंहिता १९ वं आणि ढोबळमानाने पुस्तकाच्या मध्यावर. कडेला अंगठ्याच्या खाचा कापलेली प्रत मिळाली तर अशा वाचकासाठी तीच घ्या.

वऱ्हाडी बोलीतला नवा करारही आता मोबाइलवर मोफत वाचता येतो. सावनेर, काटोलकडच्या ज्या आजी-आजोबांना पुस्तकी मराठी परकी वाटते, त्यांना त्यातून एखादी दृष्टांतकथा वाचून दाखवा. लूक १५ मधला हरवलेला मुलगा घरच्या बोलीत आला की चेहऱ्यावर फरक दिसतो. जुना करार त्यात नाही, त्यामुळे एकमेव प्रत म्हणून ती पुरणार नाही.

फक्त नवा करार घ्यावा की संपूर्ण बायबल? नव्याने वाचणाऱ्याला नवा करार पुरेसा आहे, आणि हलकाही पडतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत कवी ना. वा. टिळकांच्या हाती एका अनोळखी सहप्रवाशाने दिली ती नव्या कराराचीच प्रत. मत्तयाच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोचल्यावर त्यांना ती खाली ठेववेना, आणि दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर ५२ आठवड्यांत बरोबर पुरा होतो, शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे.

संपूर्ण बायबलचे अध्याय १,१८९. रोज ३ आणि रविवारी ५ धरले की वर्षात होतात. पण उत्पत्तीपासून सलग जाऊ नका. या वेगाने चौथा आठवडा संपता संपता लेवीय सुरू होतं. अर्पणांचे आणि शुद्धाशुद्धाचे नियम लागतात आणि १ जानेवारीचा निश्चय तिथेच बसतो. रोजच्या तिनांपैकी एक अध्याय शुभवर्तमानातून घेतला तर ही अडचण निम्मी होते. स्तोत्रं १५० आहेत, रोज ५ घेतली की महिन्यात पुरी. फक्त २४ व्या दिवशी ११९ वं स्तोत्र येतं, १७६ वचनांचं, तेव्हा वेळ जास्त काढा. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, तारखेप्रमाणे एक.

वाचताना कधी मत्तय १७ मध्ये २० नंतर थेट २२ वं वचन दिसेल, किंवा २१ वं कंसात नाहीतर तळटीपेत असेल. छपाईची चूक समजून प्रत परत करू नका, आणि कोणी देवाचं वचन कापलं असा संशयही नको. नव्या कराराला आज वापरतो ते वचनांचे आकडे १५५१ साली पडले, तेव्हा हाताशी असलेल्या हस्तलिखितांवरून. पुढे त्याहून जुनी हस्तलिखितं सापडली आणि त्यांत काही वचनं नव्हती. आकडे बदलले असते तर जगभरचे संदर्भ चुकले असते, म्हणून जागा रिकामी ठेवतात. प्रेषितांची कृत्ये ८:३७ चीही हीच कथा.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर बरेचजण श्रद्धेने मागतात. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळावं म्हणून ते केलं, १९२२ मध्ये मृत्यूच्या तोंडावर पुरं केलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापलं गेलं. घरात असेल तर जपा, तुलनेला उघडा. शंभर वर्षांपूर्वीची साधी मराठी आज साधी राहिलेली नाही, म्हणून रोजच्या वाचनाला ते सुचवत नाही.

मोबाइल की कागद, यात फार वेळ घालवू नका. तुलना करायला, शब्द शोधायला आणि ऐकायला मोबाइल उत्तम. यूव्हर्जनच्या बायबल ॲपवर मराठीच्या बऱ्याच आवृत्त्या मोफत मिळतात; घरून निघण्यापूर्वी हवी ती डाउनलोड करून ठेवा. पुलपिटावर आणि घरच्या प्रार्थनेला मात्र पुस्तक. वचनाच्या मध्येच वर सरकणारा मेसेज वाचणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त खुपतो.

छापील प्रत घेताना दुकानातच स्तोत्र ११९ चं एक पान उजेडात धरा. पातळ कागदातून मागची अक्षरं दिसत असतील तर वेलांट्या नि अनुस्वार वाचताना गोंधळ होतो, विशेषतः मोतीबिंदूच्या डोळ्यांना. आजीसाठी मोठ्या टाइपाची प्रत घ्या आणि मांडीवर तिचं वजन पेलतंय का तेही पाहा. जड झाली तर नवा करार व स्तोत्रसंहिता एवढीच वेगळी बांधलेली प्रत बरी. सोनेरी कडांची पानं नवीन असताना चिकटतात. एकदम मधून उघडलीत तर कणा मोडतो. पुढून थोडी, मागून थोडी अशी पानं दाबत मध्यापर्यंत या. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत बायबल ठेवू नका, रेक्झिनखालचा डिंक सुटून कव्हर फुगतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलंत तर आत ओल धरते, त्यापेक्षा सुती कापड चांगलं. खुणा करायला पेन्सिल वापरा, हायलायटर मागच्या पानावर उमटतो.

आणि जुनी प्रत फाटली म्हणून नवी घेत असाल, तर जुनी रद्दीत घालण्याआधी तिची पहिली पानं उघडा. कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मृत्यू यांच्या तारखा तिथेच लिहिलेल्या असतात, आणि पणजोबांच्या नावाचा तेवढाच कागद शिल्लक असतो. ती पानं नव्या प्रतीत उतरवून घ्या, खाली कोणी नि कधी उतरवलं ते लिहा. जुनी प्रत सुती कापडात बांधून कपाटात राहू द्या.