काठी नको म्हणणाऱ्यांसाठी ट्रेकिंग पोल

हातात काठी दिसली की ‘काय हो, गुडघे गेले वाटतं?’ असं विचारणारं कुणीतरी टेकडीवर भेटतंच. त्यामुळे साठी उलटलेले बरेच जण काठीला शिवत नाहीत, पण ट्रेकिंग पोलची जोडी ऐटीत मिरवतात. मिरवावी की! फक्त पोल म्हणजे काठी नव्हे, हे आधी कळलेलं बरं. दुखऱ्या गुडघ्याचा भार हातावर घ्यायचा असेल तर मेडिकलमध्ये मिळते ती आडव्या मुठीची काठीच हवी, कारण तिच्यावर तळवा सपाट टेकतो. पोलची मूठ उभी असते. तोल सांभाळणं, चढाला रेटा देणं आणि उताराला वेग आवरणं ही त्याची कामं, आणि जोडी असेल तर ती जास्त नीट होतात.

घेताना आधी लॉक बघा, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या हव्या त्या लांबीला पक्क्या धरणारी कळ. पिळून घट्ट करायच्या लॉकमध्ये धूळ-ओल शिरली की नळी भार पडताच आत सरकते. शिवाय सांधेदुखीच्या बोटांना तो धड पिळताही येत नाही. खटक्याचा लॉक बरा. तो सैल पडला तर बाजूचा स्क्रू थोडा आवळायचा. पोल दुकानातच उभा रोवून त्यावर अंगाचा भार द्या. सरकला तर घेऊ नका. आत स्प्रिंग असलेल्या पोलसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

उंची सोपी आहे: टोक जमिनीवर टेकल्यावर कोपर काटकोनात यावं. १६० सेंमी उंचीच्या माणसाला साधारण ११० सेंमी. चढाला ५ सेंमी कमी, उताराला तेवढीच जास्त. नळीवरच्या कमाल खुणेपलीकडे मात्र ओढू नका, पोल तिथेच वाकतो. मुठीला असलेल्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. सपाटीवर डाव्या पायाबरोबर उजवा पोल. टोक पुढच्या पावलाच्या जरा मागे टेकवून मागे रेटायचं. बहुतेक जण ते पुढे रोवतात, आणि मग पोल रेटा देण्याऐवजी अडवतोच.

मुरुमाच्या वाटेवर धातूचं टोक उघडं ठेवा. फरशी, डांबर आणि पर्वतीसारख्या गुळगुळीत दगडी पायऱ्यांवर रबरी टोपी हवीच, नाहीतर टोक सटकतं. कठडा असेल तिथे दोन्ही पोल एका हातात घेऊन कठडाच धरावा. टोपी आतून झिजते आणि बाहेरून शाबूत दिसते. टेकताना ‘टक’ असा आवाज आला की समजा, धातू बाहेर आलाय.