लेकीचं जर्मनीचं एक्स्चेंज : नऊ महिन्यांनंतर

मे २०२५मध्ये लेक शाळेच्या एक्स्चेंजमधून (आपलं मूल तिकडच्या घरी, तिकडचं आपल्या घरी) जर्मनीला जाऊन आली. तेव्हा आठवी नुकतीच संपली होती. तेव्हाच लिहायला बसले असते तर 'मस्त झालं' यापलीकडे काही सुचलं नसतं. ऑक्टोबरमध्ये तिकडची मुलगी आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टू बीएचकेत बारा दिवस राहून गेली आणि मग कुठे मला या प्रकाराचा हिशेब लागला.

जाण्याचे एकूण सोळा दिवस. त्यातले दहा म्युन्स्टरजवळच्या गावात एका कुटुंबात, उरलेले सहा बसने कोलोन आणि बर्लिन. खर्च २ लाख ४० हजार, वर टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांबरोबर आगाऊ घेतला जाणारा आयकर) तेव्हा ५ टक्के, म्हणजे आणखी १२ हजार. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, पण पावती कुणाच्या पॅनवर निघणार ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. आम्ही नंतर विचारलं आणि नंतर धावपळ केली.

व्हिसाचं तर विचारूच नका. आई-बाबा दोघांच्या सह्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, किमान ३० हजार युरोचा विमा, हे सगळं ठीक. पण आयोजकांनी प्रत्येकाकडून व्हिसा फी म्हणून ९० युरो घेतले होते. शैक्षणिक सहलीला जाणाऱ्या शाळकरी मुलांना शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा तो) फी माफ असते, भरावं लागतं ते अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. ग्रुपमधल्या एका बाबांनी नियम शोधून ग्रुपवर टाकला, तेव्हा दीड महिन्याने पैसे परत आले. नजरचुकीने झालं म्हणे. बावीस मुलांच्या बाबतीत एकदमच नजर चुकली!

आता मूळ मुद्दा. तिसऱ्या रात्री लेकीचा फोन आला. तिकडे साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक. आवाज रडवेला. "आई, इथे रात्री गरम जेवतच नाहीत. ब्रेड, चीज, काकडी, संपलं." मी म्हटलं, मग चार ब्रेड जास्त खा. तर खरी गोम पुढेच होती. यजमानीण बाई दुसऱ्यांदा हवंय का विचारायच्या, ही आपल्या वळणाप्रमाणे "नाइन, डांके" म्हणायची आणि बाई टोपली उचलून न्यायच्या! आपल्याकडे पहिलं 'नको' कुणी धरतं का? तिसऱ्या आग्रहाला माणूस ताट पुढे करतं. तिथे नको म्हणजे नको. दोन रात्री पोरगी अर्धपोटी झोपली होती. चौथ्या दिवशी तिने 'याऽ, गेर्न', म्हणजे 'हो, आवडेल', म्हणायला सुरुवात केली. दोन वर्षं वर्गात जर्मन शिकून जे अंगी लागलं नव्हतं ते दोन रात्रींच्या भुकेने लागलं.

भाषेत आणखी एक गंमत झाली. जर्मनमध्ये चोवीस म्हणताना आधी चार येतात, मग वीस. इंग्रजी माध्यमातल्या आमच्या पोरांचा तिथे गोंधळ उडायचा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, चोवीसमध्ये पण चार आधीच आहे की!" मग आजीसोबत मराठी अंकांची उजळणी झाली आणि जर्मन अंक आपोआप सुटले. 'मेडशन' म्हणजे मुलगी, तर तो शब्द नपुंसकलिंगी का, यावर लेक कुरकुरत होती. सासूबाई मालवणच्या. "मगे? आमच्याकडे पण तां चेडूच," एवढं बोलून त्या भाजी निवडायला लागल्या.

कोलोन-बर्लिनचे सहा दिवस मात्र मला पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. कोलोनच्या कॅथेड्रलच्या ५३३ पायऱ्या चढून पोरं दमली, बर्लिनच्या भिंतीपाशी फोटो काढले आणि बसमध्ये पूर्ण वेळ आपापसात हिंदी-मराठी. त्या सहा दिवसांत लेक जर्मन बोलली ती आइस्क्रीमपुरती.

पाहुणी आली ती त्यांच्या शरदाच्या सुट्टीत, नेमकी आमच्या दिवाळीत. आता उलटी वरात. सासूबाईंनी चकली पुढे केली, तिने नको म्हटलं, ताटलीत दोन पडल्या. पुन्हा नको, आणखी एक पडली. तिसऱ्या दिवशी लेकीनेच तिला खूण शिकवली : ताटावर आडवा हात धर आणि "बास, बास" म्हण. नरकचतुर्दशीला पहाटे पाचला उटणं लावून बसली बिचारी, डोळे मिटलेले, पण हसत. फटाक्यांनी मात्र हैराण झाली. तिच्या देशात ते वर्षअखेरीलाच उडवतात, इथे आठवडाभर. शेवटी एका रात्री कानात कापूस घालून झोपली. तलावपाळीला नेलं, येऊरला नेलं, मिसळ खाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी परत मागितली.

घर मात्र दमतं, हे आधी कुणी सांगत नाही. एक बाथरूम, उकळलेलं पाणी, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बरोबर जायचं, माझी चार दिवस रजा. बॅचमधल्या तीन घरांनी मुलीला पाठवलं आणि यजमानपदाची वेळ आली तेव्हा अंग काढून घेतलं. त्या तीन पाहुण्या ऐन वेळी दुसऱ्यांच्या गळ्यात पडल्या. हे अजिबात पटलं नाही.

आज काय उरलंय? शाळेतले जर्मनचे मार्क जिथे होते तिथेच, कारण पेपरात विभक्तीचे तक्ते विचारतात. जानेवारीत लेकीने काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात (जर्मन शिकवणारी संस्था) मुलांसाठीची ए-टूची, म्हणजे दुसऱ्या पायरीची परीक्षा दिली, त्यात बोलण्यात छान, लिहिण्यात जेमतेम. पण दर रविवारी दुपारी त्या पाहुणीचा व्हॉइस मेसेज येतो, ही अडखळत, न लाजता उत्तर देते, आणि शेवटी तिकडून "आजी, बास बास!" ऐकू येतं.

दोन वर्षांनी धाकट्याची पाळी आहे. शाळेत पहिला प्रश्न विचारणार आहे तो हाच, की बसचे सहा दिवस काढून तेही त्या घरातच राहता येईल का.