काचेच्या झाकणाचं खोकं आणि न उघडलेलं लाउंज

कोहिबा या क्यूबाच्या महागड्या सिगारच्या खोक्याला काचेचं झाकण कधीच नसतं. हे मला आज कळतंय. 9 मार्चला दुकानात ते खोकं पाच मिनिटं माझ्या हातात होतं, तेव्हा कळलं नाही. त्या न कळण्याचे 27,500 रुपये गेले. 21,000 खोक्याचे आणि 6,500 ‘सिगार लाउंज’च्या सभासदत्वाचे.

मी स्वतः ओढत नाही. आमचे भावोजी चौतीस वर्षं बोटीवर इंजिनियर होते. दिवाळीला एक आणि वाढदिवसाला एक सिगार, एवढीच त्यांची चैन. गुहागरला त्यांची साठी होती, म्हटलं एकदा चांगलं काहीतरी देऊ. चिपळूणला विचारलं, रत्नागिरीला विचारलं. सिगार म्हटलं की टपरीवाला बरणीतली वाळून काडी झालेली एखादी काढून देतो. मुंबईला फक्त यासाठी कोण जाणार? तेवढ्यात एकाने किनाऱ्यावरच्याच एका शहरातलं हे दुकान सुचवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय.

दुकान पाहून कोणीही फसला असता. लाकडी कपाट, आत पिवळा दिवा, आर्द्रता मोजायचं गोल यंत्र आणि काटा बरोबर 70 वर. सिगारला 65 ते 70 टक्के लागते हे मी वाचून गेलो होतो, त्यामुळे माझा विश्वास बसला. पण कपाटाचं दार सताड उघडं होतं, बाहेर मार्चची दुपार, आणि तो काटा केसभरही हलला नाही. मी ते पाहिलं होतं! पाहूनही गप्प बसलो, याचीच चीड येते.

मालक म्हणाला, “साहेब, बोटीवरचा माल आहे, ड्युटी नाही, म्हणून या भावात.” पंचवीस नगांच्या खऱ्या खोक्याला लाखाच्या वर पडतात. पण भावोजी पूर्वी बोटीवरून स्वस्तात आणायचे, म्हणून मला ते पटलं. आता सांगतो, ‘बोटीवरचा माल’ हे शब्द ऐकले की पाठ फिरवा. खरा असला तरी तो चोरटा, आणि मग तक्रारीला तोंड राहत नाही.

साठीला वीसेक माणसं होती. भावोजींनी एक सिगार नाकाशी धरली, फिरवली आणि काही न बोलता स्वयंपाकघरातून सुरी मागवली. उभी चिरली. आत टोकापासून टोकापर्यंत अखंड पानं हवीत. निघाला भुगा, देठांचे तुकडे आणि मिशेरीसारखी काळी पूड. सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरचे पांढरे चौकोनही कडेला अर्धे कापलेले. ताई माझ्याकडे बघत होती. भावोजी म्हणाले, “असू दे रे, तुझा हेतू कळला.” ते रागावले असते तर बरं झालं असतं.

लाउंज म्हणजे दुकानाच्या माडीवर आठ खुर्च्या, ‘गणपतीनंतर सुरू’. हॉटेलात धूम्रपानाची वेगळी जागा करायची तर 30 खोल्या लागतात, उपाहारगृहात 30 जणांची बैठक लागते. आठ खुर्च्यांवर कसलं लाउंज? ज्यांना सभासदत्व विकलं जातंय त्यांनी आधी परवानगीचा कागद मागा.

खोक्यावर 85 टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र आणि मजकूर नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, छापील किंमत नाही. एवढं बघायला सिगारचं ज्ञान लागत नाही.

मग पोलीस ठाण्यात गेलो. “बिल दाखवा.” बिल कच्चं, नुसतं ‘गिफ्ट आयटम’. “मग चोरटा माल तुम्हीच घेतलात की!” असं वर मलाच ऐकवलं. सायबर तक्रारीचं विचारलं तर म्हणे तुम्ही स्वतः दुकानात जाऊन पैसे दिलेत, हे सायबर नाही. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकला. दुसऱ्या एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा अर्ज तीन प्रतींत हवा, तिसऱ्यांदा हा विषय आमच्याकडे येत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं? प्रत्येक खेपेला रजा टाकली, एसटीचं भाडं वेगळं. ग्राहक राहिला बाजूला, आणि दुकान आजही उघडं आहे.

क्यूबाच्या खोक्यावर डावीकडे हिरवट हमीपट्टी असते. तिच्यावरचा क्रमांक हबानोस या क्यूबाच्या सिगार कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे देण्याआधी, दुकानातच उभं राहून तपासा. मी पट्टीचा फोटो काढला तो घरी आल्यावर.

खोकं माळ्यावर आहे, चोवीस सिगारी आणि एक चिरलेली. ते सभासदत्व आणखी कोणी घेतलं असेल तर पावती जपून ठेवा आणि मला कळवा. ग्राहक आयोगात एकत्र अर्ज करायचा आहे, माझे कागद तयार आहेत.