न भाजता होणाऱ्या खाऊत एरिथ्रिटॉल: कुठे जमतं, कुठे फसतं

ग्लुटेन (गहू-जवातलं प्रथिन) नको आणि साखरही नको, अशा पथ्यात ओव्हनशिवाय गोळे किंवा वड्या करायच्या तर गोडीसाठी बहुतेकजण खजूर घेतात. पण खजुराच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग किंवा त्याहूनही जास्त साखरच असते. त्यामुळे पर्याय म्हणून एरिथ्रिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाचं पाकीट घरात येतं. माझं मत सरळ आहे: पीठ आणि तूप-तेलाच्या मिश्रणात ते उत्तम, पाकात साफ निकामी.

गोडी साखरेच्या साधारण 60 ते 70 टक्के. रक्तातली साखर जवळजवळ वाढत नाही. दाणेदार घेतलं तर ते मिक्सरच्या कोरड्या भांड्यात बारीक दळून घ्यावंच लागतं, कारण ते तेला-तुपात विरघळत नाही आणि इथे आच नसल्याने दाणा जसाच्या तसा राहून दाताखाली कचकचतो. दळल्यावर झाकण लगेच उघडू नका, भुकटी नाकातोंडात जाते. शक्य असेल तर तयार भुकटीच घ्या.

पाकात निकामी का, तर 25 अंशांना 100 ग्रॅम द्रावणात ते जेमतेम 37 ग्रॅमच्या आसपास राहू शकतं. गरम पाण्यात बरंच जास्त मुरतं, पण मिश्रण थंड झालं की जादाचं पुन्हा खड्यांच्या रूपात बाहेर पडतं. संध्याकाळी मऊ असलेली वडी सकाळी फ्रिजमधून काढली की वाळू चावल्यासारखी लागते, ती याचमुळे. म्हणून पाणी कमीत कमी ठेवा.

जमणारं प्रमाण: बदामाचं पीठ 120 ग्रॅम, बिनसाखरेचं पीनट बटर 80 ग्रॅम, खोबरेल तेल 25 ग्रॅम, कोको 15 ग्रॅम, एरिथ्रिटॉलची भुकटी 30 ग्रॅम, चिमूटभर मीठ. सगळं कोरडं आधी चाळून एकत्र करा, मग पातळ केलेलं तेल आणि पीनट बटर घाला. मूठ वळली की झालं. चुरा पडत असेल तर एक चमचा पाणी, तेही थेंबाथेंबाने. 15 ग्रॅमचे 18 गोळे होतात आणि प्रत्येकात एरिथ्रिटॉल जेमतेम पावणेदोन ग्रॅम येतं. गोडी कमी वाटली तर भुकटी वाढवण्यापेक्षा शुद्ध स्टीव्हियाची अगदी बारीक चिमूट घाला. बदामाऐवजी नारळाचं पीठ त्याच मापाने घेऊ नका. ते ओलावा शोषून मिश्रण कोरडं ठक्क करतं.

जिभेला येणारा गारवा हा याचा सगळ्यात मोठा दोष. विरघळताना ते उष्णता ओढून घेतं, त्यामुळे दळण कितीही बारीक असलं तरी गारवा राहतोच. कोको, कॉफी, पुदिना यांत तो खपून जातो. व्हॅनिला किंवा लिंबाच्या स्वादात मात्र टूथपेस्टची आठवण येते.

पाकिटावर फक्त 'शुगर फ्री' वाचून थांबू नका. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज दिसलं तर ठेवून द्या, दोन्ही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात. माल्टिटॉल हा साखरेचा दुसरा पर्यायही रक्तातली साखर काही प्रमाणात वाढवतं. सीलिअॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असेल तर 'ग्लुटेन-फ्री' ही खूण हवी (मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम). मिश्रणात ओट्स घालणार असाल तर त्यांवरही तीच खूण पाहा, कारण साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते. काही रुग्णांना तर शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

रोज भरपूर खायचा पदार्थ म्हणून मी याची शिफारस करणार नाही. एकदम जास्त खाल्लं तर पोट गुडगुडतं. शिवाय 2023 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांच्यात संबंध दिसला. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

गोळे फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेवा. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते बाहेर ठेवले तर बसकण मारतात.