परराष्ट्र सेवा की क्रीडा आयोजन? सीमाभागातल्या पदवीधरासाठी

2030ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, 2036च्या ऑलिंपिकसाठीही भारताने इच्छापत्र दिलंय. त्यामुळे खानापूर-निपाणीकडच्या पोरांपुढे हा प्रश्न आता खराच उभा आहे: आधी परराष्ट्र सेवेत जाऊन मग खेळाच्या जगात शिरावं, की थेट आयोजनातच उतरावं?

पहिल्या वाटेचे लोक हुआन अंतोनियो सामारांचचा दाखला देतात. 1977 पासून मॉस्कोत स्पेनचा राजदूत, 1980 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष, तो 2001 पर्यंत. पण क्रम नीट बघा. 1951ची रोलर हॉकीची जागतिक स्पर्धा बार्सिलोनात भरवणाऱ्यांत तो होता, 1966ला समितीचा सदस्य झाला. राजदूतपद मागून आलं, तेही परीक्षा देऊन नव्हे, राजकारणातून. (सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिक मिळावं म्हणून समितीच्या सदस्यांना लाच दिल्याचं प्रकरण त्याच्याच कारकिर्दीतलं, तेही लक्षात असू द्या.)

आपल्याकडे यूपीएससीतून परराष्ट्र सेवेच्या जागा वर्षाला पन्नासच्या आगेमागे. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीत देता येते, इंग्रजीचा पेपर मात्र सुटावाच लागतो. खुल्या गटाला 32 वर्षांची मर्यादा, सहा प्रयत्न. लागलात तर पगार, घर, मान सगळं पक्कं. पण नोकरीत राहून क्रीडा संघटनेची निवडणूक लढवायची तर सरकारची परवानगी लागते.

आयोजनाचं तसं नाही. बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात जो कुस्त्यांच्या जोड्या जुळवतो, पंचांचं जेवणखाण बघतो, वर्गणीच्या पावत्या फाडतो आणि हरलेल्या पैलवानाच्या वस्तादाची समजूत काढतो, त्याला निम्मं काम आधीच येतं. मोठ्या स्पर्धेत त्याचेच विभाग पडतात: ओळखपत्रं, संघांची ने-आण, पाहुण्यांचा शिष्टाचार, उत्तेजक द्रव्यांची चाचणी. घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी ही आपली सवय तिथे रोज कामी येते. खोट एकच, पण मोठी: स्पर्धा संपली की आयोजन समिती बरखास्त, आणि तुमची नोकरीही.

माझं विचाराल तर, पंचविशीच्या आत असाल आणि घरचं उसाचं बिल वेळेवर येत असेल, तर यूपीएससीचे दोन प्रयत्न द्या, पण मैदान सोडू नका. चोर्ला घाट उतरला की गोवा, 2023ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा तिथेच झाली. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून आधी घुसायचं. तिशीला टेकला असाल तर सरळ आयोजन धरा. फिफा मास्टरसारखा क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम इंग्लंड, इटली, स्वित्झर्लंड असा तीन देशांत चालतो आणि खर्चिक आहे. त्यासाठी जमीन तारण ठेवण्याआधी एक तरी मोठी स्पर्धा आतून बघून घ्या.