गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा फिल्टर, दोन पावसाळे वापरल्यावर

आमचं नाशिकला पाथर्डी फाट्याला रो हाऊस आहे, गच्ची साधारण ९०० स्क्वेअर फूट. बोअरचं पाणी इतकं जड की नळाच्या तोट्या महिन्याभरात पांढऱ्या पडतात, साबणाला फेस नाही, आणि तुरीची डाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली येते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बोअरनेही हात टेकले आणि टँकर सुरू झाले, तेव्हा आम्ही हा फिल्टर घ्यायचं ठरवलं. पूर आला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं ते बघायला अख्खं नाशिक गोदाघाटावर जातं, मीही जाते, पण आपल्याच गच्चीवरचं पाणी पाइपातून सरळ गटारात जातंय तिकडे इतकी वर्षं लक्षच गेलं नव्हतं याचं खरंच वाईट वाटतं.

फिल्टर भिंतीला लावायचा आहे. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपातच बसतो, आत स्टीलची बारीक जाळी, पाणी जाळीतून टाकीकडे जातं आणि पालापाचोळा खालच्या तोंडाने बाहेर पडतो. लाइट लागत नाही, मोटर लागत नाही. फिल्टरला साडेसहा हजार आणि फिटिंगला बावीसशे गेले, २००० लिटरची टाकी आमच्याकडे होतीच.

हिशोब अगदी सोपा आहे, एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमची गच्ची ८४ चौरस मीटर भरते, म्हणजे २० मिलिमीटर पाऊस झाला की थोडं वाया गेलेलं धरूनसुद्धा तेराशे लिटरच्या आसपास टाकीत येतं, एका रात्रीत! पहिल्यांदा सकाळी टाकीचं झाकण उघडून पाहिलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

आता तक्रार. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नसतं, गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण सगळं त्यात उतरतं. ते बाजूला काढायला वेगळा उभा पाइप देतात, तो घाण पाण्याने भरला की आतला बॉल वर येऊन तोंड बंद करतो आणि मग पुढचं पाणी टाकीकडे वळतं. दुकानाच्या माणसाने आम्हाला चार इंची, जेमतेम तीन फुटांचा पाइप लावून दिला, त्यात सात-साडेसात लिटर मावतं फक्त, आणि आमच्या गच्चीवर १ मिलिमीटरलाच ८४ लिटर पाणी होतं. मी तेव्हाच विचारलं होतं तर म्हणे "ताई, एवढं पुरतं, सगळीकडे हेच लावतो." मृगाच्या पहिल्याच सरीला टाकीत काळपट, वास येणारं पाणी, आख्खी टाकी उपसून घासावी लागली, आणि फोन केले तर बारा दिवस कोणी फिरकलं नाही. शेवटी आमच्या नेहमीच्या प्लंबरदादांनी सहा इंची पाइप सात फुटांचा लावला, त्यात ३८ लिटर बसतं, खाली टोपीला बारीक भोक ठेवलं म्हणजे पाऊस थांबला की पाइप आपोआप रिकामा होतो. शिवाय मी जूनच्या आधी गच्ची स्वच्छ झाडून घेते आणि पहिले दोन पाऊस सरळ सोडून देते. तेव्हापासून पाणी नितळ.

मीटरने मोजलं तर बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ७८० आणि या पाण्याचा २४. पण मला मीटरपेक्षा डाळीने पटवलं. सासूबाईंनी एक तांब्या फडक्यातून गाळून कुकरला लावलं, तिसऱ्या शिट्टीला डाळ लोण्यासारखी, म्हणाल्या "अगं, आमच्या माहेरी पागोळ्यांखाली घंगाळं लावायचो ते याच्यासाठीच." कपड्यांना साबण निम्मा लागतो, केस धुतले तर चिकटपणा नाही. पिण्यासाठी मात्र आम्ही वापरत नाही, टीडीएस कमी म्हणजे जंतू नाहीत असं होत नाही, आणि कबुतरं काय आमची गच्ची सोडत नाहीत.

टाकी भरल्यावरचं पाणी आम्ही शोषखड्ड्यात सोडलंय, घराच्या पायापासून लांब, खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. सरळ बोअरमध्ये सोडा असं कोणी सांगितलं तर न गाळता अजिबात सोडू नका, खालचं पाणी कायमचं खराब होईल. ओव्हरफ्लोच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा तारेने घट्ट बांधा, डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो, आणि कंपनीच्या सेटमध्ये ती जाळी येत नाही, यायला पाहिजे होती.

जाळी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने घासायची, पाच मिनिटांचं काम आहे पण टाळलं की पाणी टाकीत न जाता पाल्याबरोबर बाहेर पडतं. फिल्टरला माझ्याकडून पाचपैकी चार, फिटिंगला दोन. झाकणाची रबरी रिंग दुसऱ्या वर्षी कडक होऊन गळायला लागली, नवीन ४० रुपयांना मिळाली पण ऐन आषाढात ती शोधायला तीन दुकानं फिरले, तेव्हा घेतानाच दोन जास्तीच्या मागून घ्या.